सिझरनंतर पाच दिवस अँटिबायोटिक जाऊनही टाक्यांना पाणी का सुटतं?

प्रसूतिकक्ष_सिस्टर, तासगाव

पंधरा खाटांचं प्रसूतिगृह, महिन्याला चाळीसएक सिझर. तीन महिन्यांत सहा जणींच्या टाक्यांतून सहाव्या ते नवव्या दिवसाच्या दरम्यान पाणी सुटलं. त्यातल्या दोघींचे टाके उसवले, पुन्हा घालावे लागले.

सध्याची पद्धत अशी: आदल्या रात्री ब्लेडने केस काढायचे. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) पोव्हिडोन आयोडीनने पोट रंगवायचं. बाळ बाहेर येऊन नाळ बांधली की सेफट्रायक्झोन १ ग्रॅम शिरेतून, मग पाच दिवस सकाळ-संध्याकाळ तेच, सोबत मेट्रो (मेट्रोनिडाझोल). पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडून घरी सोडायचं. उभा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने हत्यारं-कपडे निर्जंतुक करायचं यंत्र) आहे, त्यात ठेवायचे कपड्यांचे ड्रम आहेत. महिनाअखेरीला ओटीत फॉर्मॅलिनची धुरी.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढं औषध जाऊनही टाके का पिकतात? आणि घरी गेल्यावर शेक-शेगडी, मालिश, हळद हे सगळं चालूच राहतं, तर डिस्चार्जच्या कागदावर नेमकं काय लिहावं? 'स्वच्छता राखा' लिहून काही होत नाही, ते घरात कोणी वाचतही नाही.

स्त्रीरोग_विश्रामबाग

सिस्टर, दहा इंजेक्शनांतलं खरं कामाचं एकच, पहिलं. आणि तेच तुमच्याकडे उशिरा जातंय. जंतू जखमेत पडतात ते चीर दिल्यापासून कातडी शिवेपर्यंतच्या पाऊणएक तासात. त्या वेळी औषध रक्तात आणि पोटाच्या चरबीत आधीच पोचलेलं हवं. चरबीला रक्तपुरवठा कमी, तिथं औषध सावकाश चढतं. नाळ बांधून दिलं तर चीर देऊन पाच-दहा मिनिटं उलटलेली असतात, म्हणजे चोर आत शिरल्यावर कडी लावल्यासारखं.

नाळेपर्यंत थांबायची पद्धत बाळाच्या काळजीपोटी पडली होती. बाळाला औषध जाईल, त्याचा संसर्ग झाकला जाईल ही भीती. नंतरच्या चाचण्यांत बाळांचं काही बिघडलं नाही, आयांचे संसर्ग मात्र घटले. जागतिक आरोग्य संघटना आता चीर देण्याआधीच द्या म्हणते.

काय द्यायचं: सेफाझोलिन २ ग्रॅम, शिरेतून, तीन ते पाच मिनिटांत सावकाश, चिरेच्या आधी १५ ते ६० मिनिटं. वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम. शस्त्रक्रिया चार तासांवर गेली किंवा रक्तस्राव १५०० मि.ली. ओलांडून गेला तर पुन्हा एक डोस. एवढंच. सेफट्रायक्झोन वाईट औषध नाही, पण कातडीवरच्या स्टॅफिलोकोकस जंतूंवर सेफाझोलिन जास्त पक्कं. तिसऱ्या पिढीचं हत्यार उपचारासाठी राखून ठेवावं.

कळा सुरू असताना किंवा पाणी (गर्भजल) गेल्यावर सिझर होत असेल तर सोबत ॲझिथ्रोमायसिन ५०० मि.ग्रॅ. २५० मि.ली. सलाईनमध्ये, तासाभरात जाईल असं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत अशा बायकांमध्ये संसर्गाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.१ टक्क्यांवर आलं. घाईचं सिझर असेल तर ते संपायची वाट बघू नका. लावा आणि चालू ठेवा.

पेनिसिलिनने पूर्वी धाप लागली, ओठ सुजले किंवा अंगभर गांधी उठल्या असतील तर क्लिंडामायसिन ९०० मि.ग्रॅ. अर्ध्या तासात आणि जेंटामायसिन ५ मि.ग्रॅ. प्रति किलो, दोन्ही एकदाच. 'कधीतरी जुलाब झाले होते' ही ॲलर्जी नव्हे, हे नीट विचारून घ्या. आणि चीर देण्याआधीच्या डोसला को-अमॉक्सिक्लॅव्ह नको. ते गर्भाला पोचतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याला त्यातून धोका संभवतो.

ब्लेड आजच बंद करा. ब्लेडने कातडीवर न दिसणारे ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतूंची पेरणी होते. केस चिरेच्या आड येत नसतील तर काढूच नका. येत असतील तर बॅटरीचा क्लिपर, शस्त्रक्रियेच्या दिवशीच, ओटीच्या बाहेर. क्लिपरचं पातं प्रत्येकीला वेगळं. ठरवून केलेलं सिझर असेल तर आदल्या रात्री किंवा सकाळी साध्या साबणाने अंघोळ, बेंबी आणि पोटाची घडी घासून.

पोटाला अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन, निदान अल्कोहोलमधलं आयोडीन. ते लावून तीन मिनिटं वाळू द्यायचं. इथे सगळे चुकतात. सर्जन हात पुढे करून उभा असतो म्हणून सिस्टर गॉजने पुसून घेतात. पुसलं की औषध गेलं, नुसता रंग राहिला. शिवाय अल्कोहोल कमरेखाली साचलं आणि कॉटरी (रक्त थांबवायला विजेने डाग देणारं हत्यार) लागली तर भडका उडतो, तेव्हा अंगाखालचा भिजलेला कपडा आधी काढा. योनीमार्गात अल्कोहोल कधीच नाही. तिथे १० टक्के पोव्हिडोन आयोडीनचा बोळा अर्धा मिनिट फिरवायचा, सिझरच्या अगदी आधी. पाणी गेलेलं असेल तर गर्भाशयाचा संसर्ग टळण्यात याचा उपयोग जास्त.

सर्जनच्या हातातलं थोडक्यात: वार हाताने खरवडून काढू नये, नाळेला हलका ताण देऊन आपोआप येऊ द्यावी. चरबी दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर तिला वेगळे टाके घालून पोकळी बंद करावी, नाहीतर तिथे पाणी साठतं. कातडीला स्टेपलरपेक्षा आतून विरघळणारा दोरा बरा. ड्रेन (साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी) नेमाने टाकायचं कारण नाही. बाळाचं डोकं खाली अडकलं म्हणून कोणी खालून ढकललं असेल तर तो हात पुन्हा टेबलाजवळ येता कामा नये.

भूल_कराड

वरच्यात एक भर. 'चीर देण्याआधी' एवढंच ठरलं तर ते कोणाचंच काम राहत नाही. सर्जनला वाटतं भूलतज्ज्ञाने दिलं, भूलतज्ज्ञाला वाटतं वॉर्डातून देऊन पाठवलं. वॉर्डातून दिलं आणि ओटी दीड तास मोकळी झाली नाही, असंही होतं. नियम सोपा करा: टेबलावर घेतल्यावर, सलाईन चालू आहे हे बघून, स्पायनलची (पाठीच्या कण्यात द्यायच्या भुलीची) सुई हातात घेण्याआधी सेफाझोलिन. स्पायनल, झोपवणं, कॅथेटर (लघवीची नळी), पोट रंगवणं यात पंधरा-वीस मिनिटं जातातच. वेळ घड्याळात बघून कागदावर: औषध किती वाजता, चीर किती वाजता. सर्जनने ब्लेड मागितलं की सिस्टरने मोठ्याने विचारायचं, 'अँटिबायोटिक गेलं?' उत्तर मिळाल्याशिवाय ब्लेड द्यायचं नाही. पहिले आठ दिवस सगळे चिडतात.

बाळाला वाचवायला पाच मिनिटांत पोट उघडायचं असेल तर अर्थातच थांबू नये. रंगवता रंगवता द्या.

ओटीचा एसी १६ वर ठेवू नका. स्पायनलनंतर बाई आधीच गार पडते, गार कातडीला रक्त कमी पोचतं आणि जखम मागे पडते. २३ ते २५ अंश ठेवा, सलाईन कोमट, अंगावर ब्लँकेट. गाऊनमध्ये घाम आला म्हणून सर्जन कुरकुर करतील, करू देत. मधुमेह असलेल्या बाईची साखर त्या दिवशी आणि पुढे दोन दिवस १८० च्या खाली राहील असं बघा.

ओटी_इन्चार्ज_सातारा

औषधाचं बरंच झालं. तो उभा ऑटोक्लेव्ह आणि ते ड्रम मला जास्त खटकले.

उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये आतली हवा बाहेर गेली नाही तर काटा १५ पौंड दाखवतो आणि आतलं तापमान मात्र १२१ अंशांना पोचलेलंच नसतं. दाब हवेचाही असतो, जंतू मारते ती वाफ. म्हणून वाफेची तोटी उघडी ठेवून तापवायचं. आधी फुसफुस हवा येते, मग वाफेचा सरळ, सलग झोत येतो. तो दोन-तीन मिनिटं येऊ द्यायचा, मग तोटी बंद. १२१ अंश गाठल्यावर घड्याळ लावायचं, कपड्याच्या गाठोड्यांना ३० मिनिटं. शेगडी पेटवल्यापासून मोजलं की झालंच वाटोळं.

आपल्याकडचं आणखी एक गणित कंपनीच्या पुस्तकात सापडत नाही. दाबाचा काटा बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो. उंचीवर हवा विरळ, म्हणून १५ पौंडांवर १२१ अंश गाठलं जात नाही. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे, तिथे काट्यावर १७ च्या आसपास लागतात. सांगली-साताऱ्यातही पौंडभर फरक पडतो. यंत्राच्या मर्यादेबाहेर दाब चढवायचा नाही. थर्मामीटर असलेलं यंत्र घ्या आणि तापमानावर चाला.

ड्रम ठासून भरायचे नाहीत. कपड्यांच्या दोन घड्यांमध्ये तळहात सहज सरकला पाहिजे. ड्रमच्या बाजूची भोकं आत ठेवताना उघडी, बाहेर काढताच बंद. भोकं बंद ठेवूनच आत टाकलेले ड्रम पुष्कळ ठिकाणी असतात, मग आत वाफ जाणार कुठून? दाब उतरल्यावर झाकण बोटभर उघडून पंधरा-वीस मिनिटं सुकू द्या. ओला गठ्ठा म्हणजे निर्जंतुक नसलेला गठ्ठा. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात. तो पुन्हा लावायचा, 'चालेल' म्हणायचं नाही. बोअरचं क्षाराचं पाणी भरत असाल, आणि तासगाव-जत पट्ट्यात तेच असणार, तर ते बंद करून शुद्ध केलेलं भरा. कपड्यावर पांढरे डाग पडतात, तोट्या चोंदतात.

गठ्ठ्याच्या टेपवरच्या काळ्या रेघांवर जाऊ नका. ती टेप एवढंच सांगते की या गठ्ठ्याला उष्णता लागली. सर्वांत मोठ्या गठ्ठ्याच्या पोटात पाचव्या वर्गाची रासायनिक पट्टी (वाफ, तापमान आणि वेळ तिन्ही पुरेसं झालं का ते दाखवणारी) ठेवा, उघडताना ती बघा, पेशंटच्या कागदाला चिकटवा. आठवड्यातून एकदा जिओबॅसिलस जंतूच्या बीजाणूंची (जंतूंचं सहज न मरणारं टणक रूप) कुपी लावा. ती वाढली तर त्या खेपेचं सगळं सामान परत.

उकळणं हे निर्जंतुकीकरण नाही, बीजाणू त्यात मरत नाहीत. ग्लुटारल्डिहाइडच्या २ टक्के द्रावणात वीस मिनिटं बुडवलेल्या हत्याराचंही तेच, बीजाणू मारायला दहा तास लागतात. आणि ती चिटल फोर्सेप्सची (निर्जंतुक सामान उचलायच्या लांब चिमट्याची) बाटली, ज्यात सॅव्हलॉन भरून आठ-आठ दिवस फोर्सेप्स उभा असतो, ती आजच फेका. फोर्सेप्स रोज कोरड्या, निर्जंतुक डब्यात.

प्रसूती_विटा

एका डोसवर सोडायची हिंमत होत नाही, हे स्पष्ट बोलतो. आमच्याकडे बाई येते तेव्हा पाणी जाऊन अठरा तास झालेले असतात, वाटेत दोन ठिकाणी दाखवलेलं असतं, आतून सात-आठ वेळा तपासलेलं असतं. पुस्तक लिहिणारे मोठ्या शहरात बसतात. एक बाई पिकली की सगळं गाव दवाखान्यात येतं.

स्त्रीरोग_विश्रामबाग

डॉक्टर, तुम्ही सांगताय त्या बायका दोन गटांत मोडतात. ३८ अंशांवर ताप, नाडी जलद, पाण्याला वास, गर्भाशय दाबल्यावर दुखतं, ही बाई आधीच संसर्गाची आहे. तिला चालू ठेवतो तो उपचार, प्रतिबंध नव्हे, आणि तो ठेवायचाच. पण पाणी जाऊन अठरा तास झालेत आणि यातलं काहीच नाही, ती दुसरी. तिला योनीमार्ग स्वच्छ करणं आणि ॲझिथ्रो यांनी जेवढं मिळतं तेवढं तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या इंजेक्शनाने मिळत नाही.

कारण साधं आहे. कातडीच्या कडा एक-दोन दिवसांत चिकटून बंद होतात. आत चरबीखाली रक्ताची गाठ किंवा पाणी राहिलं असेल तर त्याला रक्तवाहिनीच नसते, शिरेतून दिलेलं औषध तिथवर जाणार कसं? पाच दिवसांत मरतात ते साधे जंतू, मागे उरतात ते कशालाच न जुमानणारे. हाताची शीर सुजते, जुलाब लागतात ते वेगळंच.

एकदम तोडायला नको असेल तर क्रम ठेवा. आधी पहिल्या डोसची वेळ दुरुस्त, ब्लेड बंद, ऑटोक्लेव्ह नीट. तीन महिने मोजा. मग पाचाचे एक दिवसावर या, पुन्हा तीन महिने मोजा. आकडा वाढला नाही तर उरलेलंही सोडा. दुसरं म्हणजे आतून तपासण्या कमी करा. चार-चार तासांनी एक, आणि किती झाल्या हे कागदावर. वाटेत दोन ठिकाणी झालेल्या तपासण्याही त्यात धरा.

सूक्ष्मजीव_मिरज

सिस्टर, तुम्ही आकडे दिलेत म्हणून सांगता येतंय. १२० पैकी ६ म्हणजे ५ टक्के. पण हे परत आलेल्या बायकांचे आकडे. ज्या माहेरच्या गावी दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या त्या यात नाहीत. शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग ३० दिवसांपर्यंत मोजायचा असतो. एक वही घ्या: तारीख, ठरवलेलं की घाईचं, पाणी कधी गेलं, औषधाची वेळ, चिरेची वेळ, सर्जन, ऑटोक्लेव्हची खेप, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवसाचा फोन. सहा जणींच्या ओळी शेजारी शेजारी ठेवल्या की कधी ऑटोक्लेव्हची एकच खेप निघते, कधी आठवड्याचा एकच वार.

'पाणी सुटलं' म्हणजे संसर्गच असं नाही. पिवळसर, पातळ, वास नाही, लाली नाही, ताप नाही, तर ते चरबीतलं साचलेलं पाणी. काळपट लाल असेल तर जुनं रक्त. घट्ट, पिवळा-हिरवा, वासाचा तो पू. आणि पाचव्या ते आठव्या दिवशी एकदम भळकन गुलाबी पाणी येऊन कपडे भिजले तर आतला थर सुटल्याची शंका घ्या. बाईला झोपवा, निर्जंतुक सलाईनने भिजवलेलं कापड ठेवा, तोंडाने काही देऊ नका, सर्जनला बोलवा. ते ड्रेसिंग बदलून भागवायचं प्रकरण नाही.

पहिल्या ४८ तासांतच खूप ताप, जखम दिसते त्याच्या कितीतरी पट दुखणं, जांभळट डाग, फोड, कातडीखाली करकर असं काही असेल तर स्ट्रेप्टोकोकस किंवा क्लोस्ट्रिडियम या जंतूंचा संसर्ग. तासाला पसरतं. मोठ्या रुग्णालयात ताबडतोब.

पू पाठवताना वरचा पू कापसावर टिपून पाठवू नका, त्यात कातडीवरचे सगळे येतात. सलाईनने धुऊन खोलातला नमुना घ्या, शक्यतो सिरिंजमध्ये ओढून, आणि अँटिबायोटिक बदलण्याआधी. जखम उघडून पू वाहू देणं हाच मुख्य उपचार. वरून मलम आणि आतून गोळ्या असं करून बंद जखम बरी होत नाही. आजूबाजूला लाली पसरत असेल किंवा ताप असेल तरच औषध.

संसर्गाची एक जात वेगळी असते. जखम भरली म्हणून सोडलेली बाई तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा येते. टाक्यांवर गाठी, छोट्या छोट्या छिद्रांतून चिकट पाणी, आणि कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काहीच वाढत नाही. तेव्हा प्रयोगशाळेला वेगळं सांगा की क्षयाच्या कुळातले पाण्यातले जंतू शोधा. नेहमीच्या कल्चरमध्ये ते येत नाहीत. हे सापडले की बोट जातं निर्जंतुक न झालेल्या हत्यारांकडे किंवा ती धुतलेल्या पाण्याकडे.

फॉर्मॅलिनची धुरी बंद केली तरी चालेल. डोळे-घसा जळतो, कर्करोगाचा धोका आहे, आणि टेबलाखालचं वाळलेलं रक्त धुराने जात नाही. प्रत्येक केसनंतर टेबल, दिवा, ट्रॉली, हँडल डिटर्जंटने धुवा, मग जंतुनाशकाने पुसा. रक्त सांडलं तर लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे सपाट तीन चमचे, रोज ताजं. फरशीचे स्वॅब दर महिन्याला पाठवायचा खर्चही वाचवा. तो पैसा बीजाणूंच्या कुप्यांना लावा. आयोडीनच्या अर्ध्या बाटलीत नवीन ओतून ती भरायची सवय असेल तर मोडा. जंतुनाशकातही जंतू वाढतात, यावर घरचे विश्वास ठेवत नाहीत. तुम्ही ठेवा.

गटप्रवर्तक_माण

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. कागद सासूबाईंना वाचून दाखवायचा, बाळंतिणीच्या हातात नुसता द्यायचा नाही. आणि 'नाही' पेक्षा 'त्याऐवजी हे' लिहायचं. काहीच करू नका म्हटलं की घरातल्या बायकांना वाटतं, बाळंतपण केलंच नाही.

ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच काढा, पाचव्यापर्यंत ठेवू नका. घामाने ओलं ड्रेसिंग म्हणजे जंतूंना पांघरूण. चैत्र-वैशाखात तर विचारूच नका. मग रोज अंघोळ. तांब्याने पाणी खांद्यावरून सोडायचं, जखमेवरून वाहू द्यायचं, साबणाचा फेस हाताने फिरवायचा, घासायचं नाही. उन्हात वाळवलेल्या वेगळ्या सुती कापडाने टिपून घ्यायचं. ते कापड बाळाच्या लंगोटांत मिसळायचं नाही.

पोटाची घडी जखमेवर येते, तिथेच बहुतेकींचं बिघडतं. दिवसातून तीनदा आडवं पडून घडी वर उचलून दहा-पंधरा मिनिटं वारा लागू द्यायचा. नंतर घडीत कोरड्या, धुतलेल्या सुती कापडाची पट्टी ठेवायची. ओली वाटली की बदलायची. पावडर नको, घामात तिचा लगदा होतो. चड्डीचं इलॅस्टिक टाक्यावर येणार नाही असं, कमरेच्या वर जाणारी, सुती.

हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, दुधात घालून खुशाल द्या. पण ती जमिनीतून निघते, उघड्यावर वाळते, पोत्यांतून फिरते. दळून डब्यात ठेवली म्हणून निर्जंतुक होत नाही. शिवाय पिवळ्या थराखाली लाली दिसत नाही, पू उशिरा कळतो. सासूबाईंना हे दुसरं कारण लगेच पटतं. तेल, राख, चुना, तुरटी यांचंही तेच.

शेगडी. टाक्याभोवतीची कातडी काही आठवडे, कधी काही महिने, बधिर असते. शेक जास्त झालेला बाळंतिणीला कळतच नाही आणि भाजतं. बंद खोलीत निखारे ठेवले तर धुराने आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका. त्याऐवजी कंबर आणि पायांना फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या पिशवीने शेक. ओवा-शेपाची धुरी हवीच असेल तर दार उघडं ठेवून कपड्यांना. मालिश पाठ, पाय, हातांना चालेल. पोटाला सहा आठवडे हात नाही, आणि अंघोळीआधी कमरेचं तेल जखमेकडे ओघळणार नाही असं पुसून घ्यायचं. मालिशवाल्या बाईने बांगड्या वर सारून हात साबणाने धुवायचे, नखं कापलेली. हे तिच्यासमोरच सांगावं.

पोटपट्टा बांधला तर दुखणं कमी होतं. रोज धुतलेला, कोरडा, टाक्यावर न घासणारा. ओलसर पट्टा मात्र नको.

खाण्यात 'पाणी कमी दे, टाके पिकतील', 'डाळ-भाताने पू होतो' हे सगळीकडे आहे. उलट सांगायचं: मांस भरायला डाळ, अंडी, दूध, मटकी पाहिजे. तहानेला पाणी पाहिजे. रक्त कमी असेल तर जखम मागे पडते म्हणून लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस, चहाबरोबर नाही. आणि मिसरी. आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला रक्त कमी पोचतं. 'मिसरी लावता का' असं थेट विचारा, मान खाली गेली की समजायचं.

सिझर झालेल्या बाईकडे आशाताईची पहिली भेट सातव्या दिवशी असते, मग १४, २१, २८, ४२. पण बाळंतीण माहेरी गेलेली असते आणि कागदावर पत्ता सासरचा. डिस्चार्जलाच माहेरचं गाव, तिथल्या आशाताईचा फोन लिहून घ्या. सरकारी दवाखान्यातलं सिझर असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात परत तपासायला येण्याची गाडी मोफत आहे, १०२ ला फोन. एकदम बिघडलं तर १०८.

लगेच यायचं कधी, हे मोठ्या अक्षरात: ताप १००.४ च्या वर, लाली पसरतेय, पू किंवा वास, टाके उघडले, अंगावरून जाण्याला दुर्गंधी, दुखणं रोज कमी होण्याऐवजी वाढतंय. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली तर वाट बघायची नाही.

प्रसूतिकक्ष_सिस्टर, तासगाव

चिटल फोर्सेप्सची बाटली ओटीत आहे, आणि ड्रमची भोकं कोण बघतं ते विचारलं तर कोणीच नाही. उद्यापासून दोन्हीचं बघते. क्लिपर मागवतो आहोत. एकच राहिलं. कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीतल्या बायका येतात. त्यांना माहेर नाही, आशाताई नाही, चार दिवसांत कोपीवर (टोळीच्या झोपडीवर) जातात, पाणीही धड नाही. त्यांना काय सांगायचं?

गटप्रवर्तक_माण

त्यांना कागद नको, वस्तू द्या. निर्जंतुक गॉजची दहा पाकिटं, साबणाची वडी, दोन धुतलेली सुती कापडं, घट्ट झाकणाचा पाच लिटरचा कॅन. जखमेवरून ओतायचं पाणी उकळून गार केलेलं, तोटीने काढलेलं, तांब्या आत बुडवलेलं नाही. टाके विरघळणारेच घाला, काढायला ती परत येणार नाही. कोपीत खाली झोपायचं असेल तर उसाच्या पाचटावर ताडपत्री, वर धुतलेलं पांघरूण. मोळी सहा आठवडे डोक्यावर नाही, बाळापेक्षा जड काही नाही. हे तिला नाही, मुकादमाला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगायचं, कारण कोयता, म्हणजे ऊसतोडीचं काम, नवरा-बायकोच्या जोडीचा असतो आणि ती बसली की हजेरी अर्धी होते. ज्या गावच्या फडात टोळी आहे तिथल्या उपकेंद्राला फोन करून नाव कळवा, त्या गावची आशाताई जाते.

सातव्या आणि चौदाव्या दिवशी नवऱ्याच्या फोनवर फोन करा, पण बाईशी बोला. 'बरं आहे का' विचारलं की 'बरंय' एवढंच येतं. विचारायचं असं: आज कापड कितीदा बदललं, ओलं होतं का, रंग कसला होता?